राक्षसांचे ड्रेसर

भिंगारला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, माझ्याकडे कोण कोण येणार हेही विचारलं नाही. त्यांनी चष्म्यावरून मला एकदा नीट न्याहाळलं आणि आत वळून बायकोला सांगितलं, "चामडं पाच. चालंल."

मी पर्स उचलून उठलेच होते. तेवढ्यात काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "बसा वं मॅडम. पाच लई चांगलं असतंय. मला आठ दिल्यात." दोघांच्याही चेहऱ्यावर मस्करीचा मागमूस नव्हता. खोली हवेशीर होती, नळाला रोज पाणी होतं आणि नगरच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले होते ते फार लांब नव्हतं. मी राहायला आले आणि चार वर्षं राहिले.

काका जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. म्हणजे मलमपट्टी करायची, सुई द्यायची, गाईम्हशींच्या घशात नळीनं औषध ओतायचं. सगळी नोकरी सोनई-घोडेगावच्या बाजूला खेड्यापाड्यांत झाली आणि निवृत्त झाल्यावर ते भिंगारच्या स्वतःच्या घरी येऊन राहिले. गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची आणि ते दर वेळी दुरुस्ती करायचे. "डॉक्टर न्हाई. ड्रेसर. डॉक्टर सही करतो, ड्रेसर जनावराच्या मागं उभा ऱ्हातो. मंग लाथ कुनाला बसती?"

चामड्याचं कोडं मला पहिल्याच रविवारी उलगडलं. काका चर्चहून आले, मटण जेवले आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली काही पानंही नव्हती. कॅन्टोन्मेंटमधून बदलून गेलेल्या कुठल्याशा फौजी कुटुंबानं ते रद्दीत टाकलं होतं. भंगारवाल्या रफीकभाईंच्या शेळीचं अडलेलं वेत काकांनी सोडवलं, तेव्हा रफीकभाईंनी ते त्यांना भेट दिलं होतं. "जनावरों का दिख रहा, डॉक्टरसाब. आपके काम का."

काका ते पुस्तक महिनाभर डिक्शनरी घेऊन वाचत होते. त्यांच्या मते ते परदेशातल्या पशुवैद्यकाचं हँडबुक होतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, "हे बगा. घुबडाचं तोंड, अस्वलाचं अंग. हे कुठल्या देशात असतंय, मॅडम?"

मी मोबाईलवर शोधलं. मग त्यांना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, की काका, ही खरी जनावरं नाहीत. चाळीसएक वर्षांपूर्वी अमेरिकेत एक खेळ निघाला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, की तुम्ही अमुक तळघरात शिरलात, समोर तमुक राक्षस आहे. बाकीच्यांनी आपण शूर वीर आहोत असं समजून काय करायचं ते सांगायचं आणि फासे टाकून ठरवायचं, जमलं की नाही. हे त्या खेळातल्या राक्षसांचं पुस्तक आहे.

पण त्यांची चूक मला पुढे जितकी समजत गेली तितकी ती चूक वाटेना. त्या पुस्तकात प्रत्येक राक्षसापुढे एक तक्ता होता. एका वेळी किती भेटतात तो 'आढळ' दिलेला, काकांनी पेन्सिलीनं शेजारी लिहिलं होतं, 'कळप'. आपल्या बिळात सापडण्याची शक्यता टक्क्यांत होती, तिथे 'गोठ्यात किती वेळ'. चिलखताचा एक आकडा होता आणि त्या जुन्या खेळात आकडा जितका कमी तितकं अंग टणक. इंजेक्शनच्या सुईचंही नेमकं तसंच असतं, नंबर कमी तेवढी सुई जाड. काकांनी लिहिलं होतं, 'चामडं. सुई त्याप्रमाणे.' आणि राक्षसाजवळ कोणता खजिना मिळेल त्या रकान्यापुढे लिहिलं होतं, 'पोटात काय'. नोकरीभर त्यांनी गाईंच्या पोटातून खिळे, नाणी, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एकदा आख्खं मंगळसूत्र निघताना पाहिलं होतं. खजिना दुसरीकडे कुठे असणार?

माझं सांगून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, ओशाळले.

"म्हंजी ह्या जनावरांना कुनी औषध देत न्हाई?"

"नाही काका. तलवारीनं मारतात."

"आजारी हाय का ते बी बगत न्हाईत?"

"नाही."

"आरारारा," काका म्हणाले. "आपन खेळू."

अशा रीतीनं मी खेळात ओढली गेले. दर रविवारी दुपारी तीनला काकांच्या पडवीत, उलट्या ठेवलेल्या दोन पिंपांवर प्लायवूडचा तुकडा टाकून आम्ही बसायचो. मी, काकू, रफीकभाई आणि शनिशिंगणापूरहून मोटारसायकलवर येणारे भाऊसाहेब. भाऊसाहेबांचं देवळाच्या वाटेवर रुईच्या माळा आणि तेलाचं दुकान होतं. गर्दीचा शनिवार उरकला की रविवारी दुकान भावाच्या गळ्यात मारून ते न चुकता यायचे. एका किल्ल्याखाली सात तळघरं आहेत आणि आम्ही ती एकेक करून उतरतो आहोत, असा खेळ होता. किल्ला कुठला ते विचारायचं नाही, पण खंदकाचं वर्णन मात्र काका रोज शेजारून जात असल्यासारखं करायचे.

फासे आमच्याकडे नव्हते. वीस बाजूंचा फासा लागतो म्हटल्यावर काकांनी चर्चच्या हौजीच्या संचातून एक ते वीसच्या सोंगट्या आणल्या आणि आपल्या राखाडी मोज्यात घातल्या. मोज्यात हात घालून काढायची, अकरा किंवा वर आली तर जमलं. त्या नाताळात चर्चच्या मेळ्यात हौजी झाली. तासभर आकडे पुकारून सगळा डबा रिकामा झाला तरी कुणाचंही फुल हाऊस होईना. पाळकसाहेब घामाघूम झाले. लोक एकमेकांची तिकिटं तपासायला लागले. काका पहिल्या रांगेत बसून मनापासून हळहळत होते, "काय की बा, यंदा नशीबच न्हाई कुनाचं." काकूंनी कोपर मारलं तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मोज्याच्या बाबतीत मात्र ते कमालीचे कडक होते. एकदा दुसऱ्या तळघरात काकू खड्ड्यात पडल्या आणि वाचण्यासाठी त्यांनी दोन काढला. "गेली," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, की मी तुमची चाळीस वर्षांची बायको आहे. काका म्हणाले, की मोज्याला ते माहीत नाही. त्या संध्याकाळी त्यांना चहा मिळाला नाही, दुसऱ्या दिवशीही मिळाला नाही, तरी दोनाचा अकरा झाला नाही. शेवटी काकू स्वतःच्याच धाकट्या बहिणीच्या रूपानं खेळात परत आल्या.

तलवार काढली की काकांचा चेहरा पडायचा. राक्षस मारला तर एक गुण आणि त्याला काय होतंय ते ओळखलं तर दहा, असा त्यांचा हिशेब. लोखंड खाणारा एक राक्षस होता, वीरांच्या तलवारी आणि चिलखतं चाटून फस्त करणारा. काकांनी त्याचं नाव ठेवलं गंज्या. रफीकभाई भंगारवाले, त्यामुळे गंज्याला बघून ते जागेवरच शस्त्र उपसायला निघाले. काकांनी त्यांना थांबवलं. "भिंत चाटतंय, माती चाटतंय, लोखंड चाटतंय. म्हंजी काय? मिनरल मिक्श्चर कमी पडतंय त्याला! रोज पन्नास ग्रॅम आंबोनातनं द्या, सोडून देईल." आम्ही दिलं. पुढची दोन तळघरं गंज्या आमच्यामागे गोऱ्ह्यासारखा चालत होता.

घुबड-अस्वलावर तर त्यांचा वेगळाच राग होता, म्हणजे ते ज्यानं जन्माला घातलं त्याच्यावर. हे असं जनावर होतंच कसं, याचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, कुणीतरी कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या न बघता भरल्या. "लेबल वाचायचं नसंल तर नोकरीला येऊ ने!" असं ते त्या अज्ञात कर्मचाऱ्याला उद्देशून खेकसायचे.

आणि एक होता चौकोनी, पारदर्शक, लिबलिबीत, तळघराच्या बोळातून सरकत जे येईल ते गिळणारा. त्याला काका खरवस म्हणायचे. खरवस तीन रविवार आमच्या मागे लागला होता. त्याच सुमारास शेजारची गाय व्याली आणि काकूंनी चिकाचा खरवस करून, चौकोनी वड्या कापून, थरथरतं ताट आमच्यापुढे आणून ठेवलं. रफीकभाई खुर्चीसकट मागे सरकले. काकू रागावून म्हणाल्या, "खावा की, वेलची घातलीय!" मी एक वडी उचलली. आतला वेलदोडा मला गिळलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा दिसला आणि मी ती परत ठेवली. सगळं ताट काकांनी एकट्यानं संपवलं आणि खेळात स्वतःला दहा गुण दिले.

हळूहळू त्या तक्त्यात सगळं भिंगार जाऊन बसलं. काकांनी एक वही केली होती आणि तिच्यात माणसं पुस्तकाच्याच पद्धतीनं लिहिली होती. समोरचे सुभेदार: आढळ एक, चामडं शून्य, घरी नव्वद टक्के. भाजी मंडईतल्या बायका: आढळ दोन ते बारा, एकटी गाठावी. माझ्यापुढे होतं, 'मॅडम. आढळ एक. चामडं पाच. हल्ला: जिभेनं.' मी दोन दिवस बोलले नाही, त्यामुळे शेवटचा रकाना खरा ठरला नाही असं मला वाटलं. काकांनी त्यात भर घातली, 'किंवा न बोलता.'

भाऊसाहेबांपुढे मात्र नुसतं लिहिलं होतं, 'चामडं नऊ.' म्हणजे अगदी पातळ. पुढे 'पोटात काय' हा रकाना कोरा.

त्यामागे एक म्हैस होती. हे मला काकूंनी सांगितलं, काका घरात नसताना. निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना भाऊसाहेबांची म्हैस आजारी पडली. डॉक्टर रजेवर, म्हणून काका एकटेच शिंगणापूरला गेले. म्हैस खात नव्हती, बसत नव्हती, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून कण्हत उभी होती. पोटात लोखंड गेलं की जनावर असंच उभं राहतं, हे काकांना पाठ होतं. त्यांनी भाऊसाहेबांना तसं विचारलंही. भाऊसाहेब म्हणाले, आमच्या गावात घराला दार नाही, कडी नाही, खिळा कुठून येणार? काकांनाही ते पटलं. नाहीतर त्यांनी तिला त्याच दिवशी टेम्पोत घालून नगरला ऑपरेशनला पाठवलं असतं. त्यांनी गॅसचं औषध दिलं. चौथ्या दिवशी म्हैस गेली आणि काका पोहोचायच्या आत भाऊसाहेबांनी ती पुरूनही टाकली होती.

"तवापासनं रोज एकदा तरी म्हनत्यात," काकू म्हणाल्या, "माज्या हातनं गेली, आन का गेली ते बी कळलं न्हाई."

भाऊसाहेबांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. उलट काकांचा विसरलेला थर्मामीटर परत द्यायला म्हणून ते एका रविवारी भिंगारला आले आणि मग येतच राहिले. काकांना ती क्षमा वाटायची आणि ती त्यांना सोसायची नाही.

मला भाऊसाहेबांचं एवढंच नवल वाटायचं, की एरवी इतका धीराचा माणूस, पण तिसऱ्या तळघरात आम्हाला दाराचं रूप घेऊन बसणारा राक्षस भेटला तेव्हा त्यांना घाम फुटला. कडीला हात लावला की गिळायचं, असा तो राक्षस. मी म्हटलं, "तुम्ही तर शिंगणापूरचे, तुम्हाला दाराचा मोहच नाही, तुम्ही पुढे व्हा." ते उठले आणि दुकानात काम आहे म्हणून गेले. आम्ही समजलो, देवाधर्माची बाब असेल.

तीन वर्षांनी आम्ही सातव्या तळघरात उतरलो. तिथे काय आहे हे काकांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्या रविवारी त्यांनी सांगितलं, की तिथे त्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं जनावर आहे, पंखांचं, आग ओकणारं. काकांच्या मते ते म्हैसवर्गीय होतं आणि आग ओकण्याचं कारण पोटात गॅस. "पर आता आग ओकत न्हाई," काका म्हणाले. "चार दिस झालं, खात न्हाई. बसत न्हाई. पुढच्या पायाची कोपरं भाईर काढून उभी हाय."

स्वयंपाकघरातून बाहेर येत असलेल्या काकू जागीच थांबल्या. मलाही तेव्हा कळलं, की सहा तळघरं आम्ही कशासाठी उतरत आलो होतो. या माणसाला ती म्हैस परत एकदा तपासायची होती.

तीन रविवार आम्ही इलाज केले. मी सोडा दिला. रफीकभाईंनी नजर उतरवली. काकूंनी हिंग आणि गोडंतेल पाजलं. दर वेळी काका निदान खरं का ते बघायचे आणि मान हलवायचे. चौथ्या रविवारी काकांनी मोजा बाजूला ठेवला. "आज न्हाई कळलं तर जानार ती," ते म्हणाले. मग भाऊसाहेबांकडे वळून, शिंगणापुरात विचारलं होतं तसंच त्यांनी विचारलं, "मालक, लोखंड-बिखंड पोटात गेलंय का?"

भाऊसाहेबांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "व्हय. गेलंय."

"खेळात?" रफीकभाईंनी विचारलं.

"खरंच." भाऊसाहेबांनी उपरणं हातात घेतलं. "दाराचं स्क्रू हुतं. न्हाणीघराचं दार. मंडळी धा वर्सं मागं लागली हुती, की नुसत्या पडद्याआड आंगोळ करायची लाज वाटती. भंगारातनं पत्र्याचं दार आनलं आन गोठ्यात कडब्याखाली दडवलं. गावात कळलं आसतं तर तोंड दाखवाया जागा न्हवती. स्क्रूची पुडी गव्हानीवर ठिवली हुती. ती गेली कडब्यासंगं. तुमी इचारलं, आन मी म्हनलो, आमच्या गावात दारं नसत्यात." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "दर आयतवारी सांगाया येतो. सांगनं हुत न्हाई, मंग खेळतो."

रफीकभाईंचा चेहरा उजळत गेला. "वो हरा दरवाजा? अरे, वो तो मैंनेच बेचा! तभी मैं तीन साल से सोच रा, इसको किधर देखा!"

काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "किती इंची?"

"दीड."

"किती हुतं?"

"सहा."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण ते स्वतःशीच पुटपुटले, "म्हंजी बरोबर वळखलं हुतं मी." आणि आणखी एकदा, "बरोबर वळखलं हुतं." मग डोळे उघडून एकदम कामाला लागल्यासारखे म्हणाले, "चला. निदान झालं. ऑपरेशन करायचं. मालक, शिंगं धरा."

भाऊसाहेबांनी खरोखरच दोन्ही हात पुढे करून हवेत शिंगं धरली. काकूंनी कंदील धरला, म्हणजे रिकामा तांब्या. काकांनी मोज्यात हात घातला. सोंगट्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यांनी एक काढली, तळहातात झाकून बघितली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"उठली," ते म्हणाले.

"कितना आया?" रफीकभाईंनी विचारलं.

"उठली म्हनलं ना. रवंथ करतीय."

भाऊसाहेब लहान मुलासारखे रडले आणि मग काकूंनी सगळ्यांना चहा दिला. काकांना दोनदा दिला.

पुढच्या रविवारी भाऊसाहेब टेम्पोनं आले. मागे ते हिरवं दार बांधलेलं होतं. न्हाणीघराला ते शेवटी बसलंच नव्हतं. काकांनी प्लायवूड काढून ते पिंपांवर आडवं टाकलं आणि तेव्हापासून आम्ही दारावर खेळायला लागलो. खेळ सुरू करायच्या आधी काका त्यावर टकटक करायचे आणि आतून कुणी काही बोलत नाही याची खात्री करून घ्यायचे. भाऊसाहेबांच्या मंडळींसाठी काकूंनी आपला जुना जाड पडदा दुहेरी शिवून पाठवला. आणि वहीतला भाऊसाहेबांचा कोरा रकाना भरला गेला: 'पोटात: सहा स्क्रू. निघाले.'

माझी बदली झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. काका अजून आहेत, फोनवर माझं चामडं विचारतात. मी सात सांगितलं तर हळहळतात आणि म्हणतात, दमताय तुम्ही, या एकदा.

एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितलेली नाही. त्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले होते आणि काकू अंगणात कपडे धूत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि ओला तळहात उघडून दाखवला. काकांच्या शर्टाच्या खिशात निघालेली सोंगटी होती. तीन.

काकूंनी ती पदराला पुसली, आत जाऊन मोज्यात टाकली आणि परत येऊन साबण हातात घेतला.

"मी खड्ड्यात पडले तवा दोन हुतं," त्या म्हणाल्या. "आसू द्या. म्हशीची गोष्ट येगळी."